भिंतीवर उरलेल्या गोगलगायी

मी चौथी शिकलेला माळी. बसवनगुडीच्या एका कॉलेजात बाग राखायचो, आणि माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला खपायची नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. तिथं प्राणिशास्त्राच्या एक बाई होत्या. पदर खोचून, पेन्सिल अंबाड्यात अडकवून रोज सकाळी मागच्या दगडी भिंतीपुढं उकिडव्या बसायच्या आणि गोगलगायी मोजायच्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा रंग कसा पालटतो, ते अकरा वर्षं बघत होत्या. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गोगलगायी माझी रोपं खायच्या, म्हणून एके दिवशी मी सगळ्या वेचून मिठाच्या बादलीत टाकल्या.

बाई बादलीपुढं उकिडव्या बसल्या आणि मेलेल्या गोगलगायी निरखू लागल्या. माफी मागायला माझी जीभ वळेना. उलट मीच म्हणालो, "एकसुद्धा सोडली नाही, बाई."

त्या उठल्या, भिंतीला नाक लावून बघत राहिल्या.

"अण्णा, स्वल्प... जरा इकडं या."

त्यांच्या बोटापुढं दगडाच्याच रंगाची गोगलगाय होती. मग दुसरी. मग कितीतरी.

"शंखावर पट्टे असलेल्या तुम्हाला दिसल्या, त्या मेल्या. ह्या लपल्या, त्या वाचल्या. आता पोरं ह्यांचीच होणार. पक्षीही दिसतील त्याच वेचून खातात, पण त्यांना ह्याला वर्षं लागतात; तुम्ही एका दिवसात केलंत हो!"

गोगलगायी खाणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत त्यांनी माझं नाव लिहिलं, आणि पुन्हा एकपासून मोजायला बसल्या.

'चुकलो' हा शब्द तेव्हाही माझ्या तोंडून निघाला नाही. मी शेजारी उकिडवा बसलो आणि विचारलं, "ह्या बाजूच्या मी मोजू?"