मबरूका मावशी पोहायला शिकली

मबरूका मावशीच्या हातचे मासे धरायचे पिंजरे आमच्या सगळ्या बेटावर नावाजलेले होते. खजुराच्या काड्यांचे पिंजरे ती असे घट्ट विणायची की एकदा आत शिरलेला मासा थेट तव्यावरच बाहेर पडावा. पण स्वतः मात्र ती मासा खात नव्हती. बेटावर जन्मली, बेटावरच नांदली आणि ताटात मासा दिसला की उठून जायची. नव्या माणसाला हसू यायचं. मग कुणीतरी त्याला कोपरानं ढोसून गप्प करायचं.

आमचा समुद्र तसा उथळ. कमरेएवढ्या पाण्यातून माणूस कुठल्या कुठे चालत जातो. त्या पाण्यात आम्ही झावळ्यांची कुंपणं रोवतो आणि ओहोटीला आत अडकलेले मासे गोळा करतो. मधून तेवढा एक खोल पट्टा गेलेला आहे. त्याला आम्ही ओढा म्हणतो. बोटी त्या ओढ्यातून जातात, आणि गावातली जी माणसं बुडाली तीही त्यातच बुडाली. मावशीचा एकुलता एक मुलगा हमादी असाच गेला. ऑक्टोबरचा वारा होता, शिडाचा दांडा फिरला आणि पोरगा पाण्यात पडला. उथळ पाणी हाकेच्या अंतरावर होतं, पण त्याला पोहता येत नव्हतं. गावात येत होतं कुणाला? म्हातारे म्हणायचे, "पोहणारा फक्त उशिरा बुडतो, एवढाच फरक." आणि आम्ही माना डोलवायचो.

नवरा तर आधीच गेला होता. हमादीला मातीत ठेवून आल्यावर मावशीनं समुद्राकडची खिडकी दगड-चुन्यानं बुजवून टाकली. दारातही बसायची ती गावाकडे तोंड करून. धक्क्याला लागून माझं किराणा दुकान आहे, पण साखर हवी असली तरी ती मागच्या गल्लीनं वळसा घालून यायची. अकरा वर्षं अशीच गेली. तिच्याशी बोलावं तर उत्तर यायचं, "हो", "नाही", "अल्लाची मर्जी." चौथा शब्द नाही.

मग एका जूनमध्ये दोर्साफ आली. तिच्या शेजारच्या जिलानीकाकांची नात, नऊ वर्षांची, स्फाक्स शहरातून फेरीबोटीनं आलेली. आई हिवाळ्यात दुखण्यानं गेलेली, बाप दूर वाळवंटात तेलाच्या विहिरीवर कामाला. पोरीला ठेवायचं कुठे, म्हणून आजोबाकडे. आणि जिलानीकाका तर पहाटेच्या नमाजानंतर कुंपणावर जाणारे. त्यांनी नातीला हाताला धरून मावशीच्या दारात उभं केलं.

"मबरूका, दुपारपर्यंत बसू दे हिला इथं. काही त्रास नाही द्यायची."

"जिलानीभाऊ, माझ्याकडे लहान पोर नको."

"मला ठाऊक आहे. पण दुसरं दार कुठलं आहे मला?"

मावशी खाली मान घालून पिंजरा विणत राहिली. तोच होकार समजून काका निघून गेले.

पोरगी उंबऱ्यावर बसली आणि तिचं तोंड सुरू झालं. हे काय विणतेस, याला किती काड्या लागतात, माशाला कळत नाही का हा पिंजरा आहे, तुझ्या कोंबडीचं नाव काय. नाव नाही? मग मी ठेवते. मावशी मान वर करीना. शेवटी पोरीनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती खिडकी कुणी बुजवली?"

"मी."

"का?"

"वारा येतो."

"वारा दारातूनपण येतोय. ते नाही बुजवलंस?"

मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नजिबा, एक थोबाडीत द्यावी असं वाटलं बघ. आणि त्याच वेळी हसू आलं. हसायचं कसं ते विसरले होते, म्हणून खोकल्यासारखं काहीतरी झालं. ती कार्टी उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली."

असे काही दिवस गेले. एकदा ऐन दुपारी मावशीनं मान वर केली तर उंबरा रिकामा. कोंबडी होती, पोरगी नव्हती. मी दुकानात बसून डाळ निवडत होते. बघते तर मबरूका मावशी धक्क्याच्या वाटेनं धावत येतेय! अकरा वर्षांत जिचं पाऊल त्या वाटेवर पडलं नव्हतं ती, डोक्यावरचा रुमाल मागे लोंबतोय, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी उठून बाहेर आले तोवर ती पाण्यात शिरली होती. धक्क्याच्या पलीकडे दोर्साफ पाण्यावर उताणी पडली होती, हातपाय पसरून, अगदी निश्चल. मावशी कमरेएवढ्या पाण्यात पोचली, पोरीचे केस धरले आणि ओढायला लागली. तेवढ्यात असली किंकाळी आली की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"आई गं! माझे केस! सोड ना मावशी!"

"जिवंत आहेस? जिवंत आहेस तू?"

"मी झोपले होते!"

"पाण्यात कोण झोपतं गं मेले?"

"माझी आई झोपायची. तिनंच शिकवलंय मला."

मावशीनं केस सोडले, पण दंड घट्ट धरून ठेवला. झगा पाण्यानं फुगून तिच्याभोवती फिरत होता. पोरीनं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा सगळा राग ओसरला.

"मावशी, तुला पोहता येत नाही?"

मावशीनं मान हलवली.

"सगळीकडे समुद्र, आणि तुला पोहता येत नाही?" पोरीनं तिचा हात धरला. "चल, बाहेर चल. घाबरू नकोस. मी आहे ना."

नऊ वर्षांच्या पोरीनं पन्नाशी उलटलेल्या बाईला हाताला धरून काठावर आणलं. मी टॉवेल घेऊन उभी होते. कुणाच्या अंगावर टाकावा ते मला कळेना.

त्या संध्याकाळी मावशीनं वाफवलेल्या बार्लीच्या रव्याचा कुसकुस केला आणि पोरीला जेवायला ठेवून घेतलं. पहिल्यांदाच आपण होऊन एक प्रश्न विचारला, "तुझी आई कशी होती गं?"

पोरीनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "सगळे म्हणतात, आई जन्नतमध्ये आहे, रडू नको. पण ती कशी होती ते कुणी विचारतच नाही." आणि मग सुरू झाली. आई पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवायची, शिट्टी वाजवायची, तिच्या हाताला तलावात टाकायच्या औषधाचा वास यायचा. पहिल्यांदा तरंगायला शिकवताना पाठीखाली तिचा तळवा असायचा, आणि तिनं तो कधी काढून घेतला ते कळायचंच नाही. सांगता सांगता पोरगी रडायला लागली, आणि मावशीनं तिला "रडू नको" म्हटलं नाही. तिनं हमादीचं नाव काढलं. अकरा वर्षांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं. दोघी रडल्या आणि कुसकुस थंडगार झाला.

ताटं उचलताना पोरगी नाक पुसत म्हणाली, "उद्यापासून मी तुला शिकवणार."

"वेड लागलंय तुला."

"हमादीदादाला कुणी शिकवलं नाही. तुला मी शिकवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे, बोटी गेल्यावर, दोघी पाण्यात. मावशी झग्यासकट, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. पोरगी तिच्या पाठीखाली दोन्ही चिमुकले तळवे धरून. मावशी आडवी व्हायची आणि दगडासारखी खाली. उठायची, खोकायची, खारं पाणी थुंकायची.

"तू फार ताठ होतेस," मास्तरीणबाई ओरडायची. "लाकडासारखी! लाकूड तरी तरंगतं!"

गावाच्या नजरेतून काही सुटतंय थोडंच? कॉफीच्या दुकानात चर्चेला ऊत आला. कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी म्हणालं दुःखानं डोकं फिरलं. सगळ्यात पुढे नूरी कोळी. अंगानं बैल, जिभेनं विंचू. ऑक्टोपस धरायला तो समुद्राच्या तळाशी मडकी सोडायचा, बिनहाडाचा ऑक्टोपस आपणहून त्यात शिरतो. एकदा ओल्या कपड्यांनी मावशी दुकानासमोरून जात होती तर हा हाका मारून म्हणतो, "मावशी, आता काय ऑक्टोपसच्या मडक्यात शिरणार का?"

मावशी थांबली. आम्हाला वाटलं, खाली मान घालून निघून जाईल.

"मी कशाला? तूच शीर. बिनहाडाच्या माणसाला मडकंच शोभतं."

कॉफीच्या दुकानात इतका हशा पिकला की नूरीचा पेला कलंडला. मी दारात उभी राहून मनात म्हटलं, चौथा शब्द आला बाई! चौथा, पाचवा, सगळेच आले.

आणि एका सकाळी ती तरंगली. मी शटर वर करत होते. पोरगी पाण्यात कमरेवर हात ठेवून उभी होती, म्हणजे पाठीखाली तिचे हात नव्हतेच. आणि मावशी पाण्यावर पडलेली, झगा फुलासारखा पसरलेला, तोंड आभाळाकडे. कितीतरी वेळ ती तशीच होती. पुढे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, या पाण्यानं त्याला गिळलं. त्या सकाळी त्याच पाण्यानं मला उचलून धरलं. मी त्याच्यावर रागावू कशी आता?"

त्याच आठवड्यात तिनं पहार घेतली आणि खिडकीचे दगड पाडले. शुक्रवारी जिलानीकाकांनी आणलेला मासा भाजला, पोरीला अर्धा दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. काट्यासकट चोखून खाल्ला म्हणे.

उन्हाळा सरत आला तशी मावशी हातपाय मारत बरीच लांब जायला लागली. एक दिवस म्हणाली, "मला ओढा पार करायचाय."

जिलानीकाका म्हणाले, "मबरूका, नको." मीही म्हटलं, नको. दोर्साफनं मात्र खूप विचार केला, तिच्या आईनं केला असता तसा. मग अटी घातल्या. वारा नको, भरती-ओहोटीची ओढ नको, आजोबांची बोट शेजारी हवी, आणि मावशीच्या कमरेला दोर हवा. "आणि दमलीस तर काय करायचं?"

"उताणं पडायचं."

"शाब्बास."

त्या सकाळी सारं गाव धक्क्यावर. समुद्र आरशासारखा. काका वल्हं मारत होते, पोरगी बोटीच्या टोकाला दोर धरून ओणवी. मावशी निघाली. पाण्याचा हिरवा रंग जिथे काळानिळा होतो तिथे ओढा सुरू होतो. तिथपर्यंत आम्हाला तिचा लाल रुमाल स्पष्ट दिसत होता. ओढ्याच्या मध्यावर रुमाल थांबला.

"संपलं," नूरी पुटपुटला. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती. "खेच गं पोरी, दोर खेच!"

दोर्साफनं दोर खेचला नाही. मावशी उताणी झाली होती. तिथे ती काहीतरी बोलली. बोटीतल्या दोघांनी ऐकलं, पण ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. मग ती वळली आणि पुन्हा हात मारायला लागली.

पलीकडे उथळ पाणी लागलं तशी ती उभी राहिली, पाणी गुडघ्याला. आणि तिनं किलकारी दिली. आमच्याकडे नवरदेव घराबाहेर पडताना बायका जीभ हलवून देतात ती, लांब, चढत जाणारी. हमादीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली असणार. पाण्यावरून ती आमच्यापर्यंत आली आणि धक्क्यावरच्या एकूण एक बाईनं तिला उत्तर दिलं. मी तर दुकानाच्या खुर्चीवर चढून दिली. नूरी तोंड फिरवून डोळे पुसत होता. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झग्यासकट पाण्यात होते. माझ्या मागे आणखी पाचसहा जणी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावातल्या पोरीबाळी, मग पोरं, आणि एका सकाळी अंधुक उजेडात नूरी कोळी आला. "मावशी, कुणाला सांगू नकोस," म्हणाला. मावशीनं कुणालाच सांगितलं नाही. दोर्साफनं सगळ्यांना सांगितलं.

पोरीचा बाप पहिल्याच वर्षी शरदात आला होता, तिला शहरात आत्याकडे न्यायला. मावशीच्या दारात दोन दिवस बसला, लेकीला पाण्यात पाहिलं, तिची बडबड ऐकली. "हिची आई गेल्यापासून ही माझ्याशी एक वाक्य नीट बोलली नव्हती," म्हणाला, आणि गावातल्या शाळेत तिचं नाव घालून परत गेला.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्याच वाऱ्यात, नूरीची बोट ओढ्यात उलटली. बोटीत तो आणि त्याचा पुतण्या. आम्ही धक्क्यावर जमलो, बायकांनी आधीच रडायला सुरुवात केली. आणि पाण्यात दोन डोकी दिसली. वर खाली, वर खाली, पण पुढे पुढे. पुतण्या आधी आला. मागून नूरी, पाण्याच्या चिळकांड्या उडवत, म्हशीसारखा फुरफुरत. वाळूवर तो पालथा पडला आणि वाळूचं चुंबन घ्यायला लागला. त्याच्या बायकोनं त्याच्यावर झडप घातली.

मबरूका मावशी पुढे झाली. तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज खणखणीत.

"ऊठ रे! किती वेळा सांगितलं, पाय गुडघ्यातून नाही, मांडीपासून मारायचे! दोर्साफ, पाहिलंस ना कसा आला?"

"पाहिलं," मास्तरीणबाई म्हणाली. "उद्या पहाटे पुन्हा बोलाव त्याला. पहिल्यापासून शिकवू."