कडुबाला संवाद नव्हता

कडुबा काकडे आठवडाभर जालना रोडवरच्या एका दुकानात शेतीचे पंप विकायचा आणि शनिवारी संध्याकाळी शहरातल्या कॅनॉट भागातल्या कॅफेत माईक धरून उभा राहायचा. देवगाव रंगारीचा हा गडी बोलायला लागला की समोरचे लोक चहाचे कप खाली ठेवत. ठसका लागायची भीती असे.

सुरुवात नावापासूनच व्हायची. "माझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं माझं नाव कडुबा ठिवलं. यमानं यादी उघडली, नाव वाचलं, म्हणला, 'नको बाबा, तोंड खराब व्हईल,' आन् पान उलटलं."

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी अमृता नावाची दिग्दर्शिका तिथं बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं विचारलं, "माझ्या सिनेमात काम कराल? बापाचा रोल आहे."

"विनोदी?"

"नाही. त्याचं लेकरू गेलंय. एकही संवाद नाही."

"मॅडम, माझ्याकडं तोंड सोडून दुसरं हायेच काय?"

तरी गेला. शूटिंग फर्दापूरजवळच्या एका मळ्यात होतं. प्रसंग एवढाच, की बाप लेकराला माती देऊन घरी येतो आणि अंगणात एकटा असतो. पहिल्या टेकला कडुबानं कपाळाला हात लावला. दुसऱ्याला आभाळाकडं बघितलं. तिसऱ्याला असा काही हुंदका काढला की कॅमेरावालाच फिस्सकन हसला. सातव्या टेकनंतर अमृता म्हणाली, "कडुबाभाऊ, तुम्ही मला दुःख दाखवताय. दाखवू नका." आणि जेवणाची सुट्टी दिली.

कडुबानं ताट बाजूला सरकवलं. त्यानं आईला, साळूबाईला, फोन लावला. "आई, माझ्या आधीचं दुसरं लेकरू गेलं, तवा दादांनी घरी येऊन काय केलं गं?"

ती म्हणाली, "काय करणार? म्हशीला पाणी पाजलं. मग बादली घासायला बसले. लख्ख झाली तरी घासतेतच. मी म्हणलं, आवो, बूड निघंल तिचं. तवा थांबले."

इतकी वर्षं माईकवर तो या लेकरांबद्दल बोलत होता आणि ही बादली त्याला माहीतच नव्हती. त्यानं चाचरत विचारलं, "मी त्याच्यावर जोक करतो, आई. तुला राग येतो का?"

"राग कशाचा? नाव मीच ठिवलंय. पर यम पान उलटून गेला नाय बरं का. तू तीन वर्साचा असताना टायफाईड घिऊन परत आलता. मी दारात उभं राहून लई शिव्या घातल्या त्याला. ते कुठं सांगतूस तू?"

फोन ठेवून कडुबानं राख आणि काथ्या मागितला आणि अंगणात बादली घासायला बसला. अमृतानं कट म्हटलं तरी घासतच राहिला. कुणी त्याला हटकलं नाही.

सिनेमा शहरात लागला तेव्हा आईवडील एसटीनं आले. बाहेर पडल्यावर त्याचे वडील पुंडलिकराव एवढंच म्हणाले, "राख कमी घेतलीस. तेवढ्यानं निघत नसतंय." पण रिक्षापर्यंत त्यांनी लेकाच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

मग फोन यायला लागले. सगळ्यांना दुःखी बाप हवा होता. दोन वर्षांत पडद्यावर कडुबाची चार लेकरं गेली. पंपाचं दुकान सुटलं, शनिवार मात्र त्यानं सोडला नाही.

परवा पुण्याहून एका विनोदी सिनेमासाठी बोलावणं आलं. कडुबा नवा शर्ट घालून गेला, जीव तोडून वाचून दाखवलं. निर्माता म्हणाला, "काम उत्तम आहे हो. पण तुमच्या चेहऱ्यात विनोदच नाही."

शनिवारी त्यानं हे कॅफेत जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न वाढवता. लोक टेबलं बडवायला लागले. निर्मात्याचं नाव काय, म्हणून मागून कुणीतरी ओरडलं.

"नाय सांगत," कडुबा म्हणाला. "सोमवारी परत जायचंय त्याच्याकडं. त्याच्या दुसऱ्या सिनेमात माझं लेकरू जाणार हाये."