दरेकशाला सहा वर्षं उशिरा पोचलेली खबर

खरं सांगायचं तर या वेळी मी फिरायला म्हणून निघालोच नव्हतो. एका वाचकबाईंनी मला घराबाहेर काढलं.

झालं असं. सहा वर्षांपूर्वी मी याच ब्लॉगवर हाजरा फॉलची सहल लिहिली होती. धबधबा पाहून दरेकसा स्टेशनात परत आलो, गाडीला दोन तास होते, आणि घरून फोन आला. बायको शीतल सातव्या महिन्यात होती. अचानक ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, अकराशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत ठेवली आहे, डॉक्टर काहीच सांगत नाहीत. मी इकडे महाराष्ट्राच्या एका टोकाला, त्या दोघी तिकडे नगरला. बाकावर बसून ढसाढसा रडलो. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने तोंडातला खर्रा थुंकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि येशूच्या नावाने मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली. (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला. विदर्भात हा भाजीसारखा खातात.) मीही ख्रिस्तीच, पण इतक्या उघड्यावर कोणी माझ्यासाठी देवाशी भांडलेलं पाहिलं नव्हतं. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "मी सुकवारोबाई. स्टेशनामागच्या टोलीत राहतो. पोरीची खबर दे मले, तवरिक मी मांगतच राहीन."

मी म्हणालो, "नक्की कळवतो."

त्या लेखाला आजवरच्या सगळ्यांत जास्त प्रतिक्रिया आल्या. लोकांनी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. मी प्रत्येकाचे आभार मानले. गेल्या महिन्यात एका बाईंनी त्या जुन्या लेखाखाली एकच ओळ टाकली: "आजींना कळवलंत ना?"

ऑफिसात वाचलं आणि कानशिलं गरम झाली. नव्हतं कळवलं. मुलगी एकवीस दिवसांत पेटीतून बाहेर आली, तिचं नाव करुणा ठेवलं, बाप्तिस्म्याचे फोटो टाकले, साऱ्या जगाला सांगून झालं. जिने मागितलं तिला एक पोस्टकार्ड टाकलं नाही. घरी शीतलला सांगितलं तर ती म्हणाली, "गावजेवण घातलंस आणि आचाऱ्याला उपाशी ठेवलंस." दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: आमच्या अहिल्यानगरहून गोंदियाला थेट महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. डबा घरून घ्या, प्रवास लांबचा आहे. संध्याकाळी गोंदियात उतरलो. स्टेशनसमोर सात-आठशेत बरी खोली मिळते. गावात मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू येते. लॉजवाल्याला वाटलं मी धबधब्याला निघालो. "इस सीजन में पानी कहाँ, भैया? बरसात में आना था." मार्च संपत आला होता, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. तुम्ही पाण्यासाठी जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठा.

सकाळी टपरीवर तर्री घातलेले पोहे हाणले आणि डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर पकडली. तिकीट चहा-भज्यांपेक्षा स्वस्त. आमगाव गेलं, धानाची कोरडी शेतं गेली, सालेकसा आलं आणि जंगल रुळाच्या अगदी जवळ सरकलं. समोर बसलेल्या एका शेतकरीबाबांनी माझी पाठपिशवी निरखून विचारलं, "दरेकशाले कायले जाऊन राहिले? पानी नाही धबधब्याले."

"एका आजींना भेटायचंय. सुकवारोबाई. त्या खर्रा खातात बघा, त्या."

"अजी, खर्रा कवाच सोडला तिनं! काचवालीपायी."

काचवाली कोण ते विचारेपर्यंत दरेकसा आलं आणि मी उतरलो.

स्टेशन तसंच होतं, बाकही तोच. तिथे खायला काही मिळत नाही, पाणीही सोबत ठेवा. टोलीपर्यंत, म्हणजे आजींच्या वस्तीपर्यंत, दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आहे. मोहाचे दिवस होते. प्रत्येक अंगणात पिवळट फुलं वाळत घातलेली आणि हवेला तो गोड, थोडा आंबूस वास. एक सूचना: या दिवसांत भल्या पहाटे एकट्याने रानात शिरू नका, मोहाला अस्वलंही येतात. गावकरी घोळक्याने जातात.

शेवटच्या घरात एक तिशीतली बाई फुलं पसरत होती. ही सुकवारोबाईंची सून रीना. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना सलाम करतो, तसा केला आणि म्हणालो, "मी नगरहून आलोय. सहा वर्षांपूर्वी स्टेशनवर आजींनी माझ्यासाठी..."

तिचा हात फुलांतच थांबला. "तुमी काचवालीचे बाबा?"

माझ्या मुलीला या टोलीत नाव होतं. आम्ही करुणा ठेवायच्या आधीपासून होतं. बाकावर रडताना मी काचेच्या पेटीचं बोललो होतो, नाव तर तेव्हा नव्हतंच, म्हणून ही माणसं सहा वर्षं रोज 'काचवाली' साठी मागत होती.

"जय मसीह की," रीनाला उशिरा आठवलं. मग एकदम हळू आवाजात, "पोरगी...?"

"पहिलीत आहे. समोरचे दोन दात पडलेत. ठणठणीत."

तिने पदराने तोंड झाकलं आणि रडली. मलाही भरून आलं. दोन मिनिटांनी तिने डोळे पुसले, माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "भाऊ, हात जोडतो तुमाले, पन बुढीले सांगू नोका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जे सांगायला हजार किलोमीटर आलो तेच सांगायचं नाही?

"तुमची गाडी गेली अना त्याच बाकावर तिनं देवाले शब्द देला," रीना सांगू लागली. "पोरगी बरी झाल्याची खबर येतवरी खर्रा तोंडात घालाचा नाही. दिवसाले खर्ऱ्याच्या दहा पन्न्या खात होती. तोंड दोन बोटंबी उघडत नव्हतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, सोडा, नाही तं कॅन्सर. आमी बोंबलून थकलो, पन नाही आयकलं. आयकलं तं तुमच्या पोरीसाठी, जिले कवा पाहिलंबी नाही. आता तीन बोटं उघडते तोंड, भाकर खाते. तुमी खबर देली का शब्द पुरा झाला. उद्या सकारी पानठेल्यावर उभी राहीन."

मी मोहाच्या फुलांकडे बघत राहिलो. माझ्या आळशीपणाने एका म्हातारीचा जीव वाचवला होता! आणि आता माझ्या चांगुलपणाने तो जाणार होता. मी आयुष्यात इतका हबकलो नव्हतो. सांगावं तर रीनाचे हात जोडलेले दिसत होते. न सांगावं तर त्या बाईने आणखी किती वर्षं काचेच्या पेटीपुढे बसायचं? रीनाला म्हटलं, जरा विचार करू द्या. पण विचाराला वेळ मिळालाच नाही.

सुकवारोबाई डोक्यावर मोहाची टोपली घेऊन अंगणात आल्या. पूर्वीपेक्षा वाळल्या होत्या, पण चालणं तुरतुरीत. डोळे बारीक करून त्यांनी मला पाहिलं.

"टेसनावरचा होय ना तू? रडनारा?"

"हो आजी."

"अना पोरगी?"

मी रीनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आजींच्या चेहऱ्यावरचं ऊन माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. टोपली खाली ठेवली, जवळ आल्या आणि माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढलं.

"गेली का रे, बाबू?" त्यांचा आवाज फाटला. "नोको रडू. देवाजवर हाये ते. मी उगाच... मी जित्या पोरीसाठी मांगत राहिलो..."

माझ्या मुलीच्या मरणाचं सांत्वन मी घेत होतो आणि ती तिकडे शाळेत बाकावर उड्या मारत असणार! मी जवळजवळ किंचाळलोच. "नाही आजी! आहे! जिवंत आहे! पहिलीत आहे!"

त्यांनी मला दूर ढकललं, नीट पाहिलं आणि पाठीत असा दणका घातला की माझा चष्मा मोहाच्या फुलांत पडला.

"मंग मेल्यावानी काऊन उभा होता?"

मी मोबाईलवर करुणाचा व्हिडिओ लावला. आजींच्या डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. "पप्पा, मोबाईल द्या ना! माझा नंबर आहे!" असं ती बोबडं ओरडत होती. आजींनी ते चार वेळा ऐकलं आणि तोंड उघडून हसल्या. मी ते तोंड पाहत होतो. तीन बोटं, कदाचित साडेतीन.

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. मी दिलगिरी व्यक्त करायला लागलो तर आजींनी हात झटकला. "शास्त्रात दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानाले परत आला एक. तू इतके दिवस त्या नवांमंधी होता. आता आला ना? जेव."

जेवणं झाल्यावर त्या आत गेल्या. फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल, आणि एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. डब्यात खर्ऱ्याची एक पन्नी, म्हणजे पुडी, होती, वाळून दगड झालेली. त्या दिवशी स्टेशनवर उरलेली शेवटची. रीनाचा हात भांड्यावरच थांबला. आजींनी पन्नी नाकाशी नेली, डोळे मिटले. शब्द त्यांचा होता, आता तो पुरा झाला होता, आम्हाला बोलायचा काय अधिकार?

त्यांनी पन्नी परत डब्यात टाकली आणि झाकण लावलं. "लवकर दुसरी विनंती दे, बाबू. माह्या हातचं नाही हे. देवाले नवा शब्द देल्याबिगर रिकामी बसलो तं उद्या खातो मी."

मी आठवायला लागलो. नोकरी ठीक. शीतलची तब्येत ठीक. घराचं झालं. मुलीचं तर झालंच. "तसं काही नाही, आजी."

"काईच नाही? मंग तू देवासंगं बोलते कायले?"

हा प्रश्न त्यांनी भोळेपणाने विचारला होता. खरं उत्तर असं होतं की मी बोलतच नाही. करुणा पेटीतून बाहेर आली त्या दिवसापासून मी एकदाही गुडघे टेकले नव्हते. रविवारी चर्चला जातो, गीतं तालात गातो, पाळकांशी हात मिळवतो. घरातल्या बायबलवर चार्जर ठेवलेला असतो. काम झालं, दुकान बंद! सहा वर्षं कोणीतरी माझ्या घरासाठी तोंड कोरडं ठेवून मागत होतं आणि त्या घरात मागणारं कोणी नव्हतं.

"मला प्रार्थना करता येत नाही, आजी," मी म्हणालो. "सवय गेली. तेवढं मागा माझ्यासाठी."

आता हबकायची पाळी त्यांची होती. "येत नाही म्हन्जे? तोंड उघडते ना तुहं? माह्यं तं उघडत नव्हतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. खर्रा सोडला तेव्हा गाल रिकामा झाला आणि जीव कासावीस व्हायचा. आजींना वाचता येत नाही. म्हणून रीना रोज संध्याकाळी शास्त्रातलं एक वचन वाचून दाखवते, एकच. दुसऱ्या दिवशी मोह वेचताना आजी ते गालात धरून ठेवतात, खर्रा धरत होत्या तसं. चघळत राहायचं. रस उतरला की त्याच शब्दांनी देवाशी बोलायचं. "आज चिमण्याईचं हाये," त्या म्हणाल्या. "एकबी चिमनी देवाच्या नजरेतून सुटत नाही, ते. सकारपासून चघळून राहिलो. तूच आला मंग."

दुपारच्या गाडीने निघालो. परतीच्या गाड्या मोजक्या आहेत, वेळ गोंदियालाच विचारून घ्या. रीना स्टेशनपर्यंत आली. बाकाजवळ थांबून म्हणाली, "भाऊ, मी सांगू नोका म्हनलं होतं." मी म्हणालो, "मीही सहा वर्षं तेच केलं." तिने स्वतःचा मोबाईल नंबर दिला आणि या वेळी माझ्याकडून तिथेच मिस कॉल करून घेतला.

घरी आल्यावर चार्जर हलवला. पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं झालं. स्कूटर चालवताना एक वचन गालात धरायचं म्हणजे सिग्नलला माझे ओठ हलायचे आणि शेजारचे लोक बघायचे. आता शीतल रात्री एक वचन वाचते आणि करुणा मधेच प्रश्न विचारून त्याचा विचका करते. त्या जुन्या लेखाखाली वाचकबाईंना उत्तर लिहिलं: आता कळवलं.

दर रविवारी दुपारी रीनाच्या फोनवर आजी येतात. करुणाचा आवाज ऐकतात, मग मला विचारतात, "झाली का विनंती पुरी?" गेल्या रविवारी वाटलं, हो म्हणावं. महिनाभर एक सकाळ चुकली नव्हती. जिभेवर आलंही होतं. मग तो पत्र्याचा डबा आठवला.

"अजून चालू आहे, आजी," मी म्हणालो.

तिकडे आजी हसल्या, पूर्ण तोंड उघडून हसल्या असाव्यात.

"चालूच ठेव मंग, बाबू," त्या म्हणाल्या. "मलेबी बरं पडते."