परातीतला पाऊस

माझा दादा चंद्रभान पावसात पीठ भिजवतो. त्याची नोकरीच ती आहे. गावी कोणी विचारलं तर मी एवढंच सांगून मोकळी होते, कारण पूर्ण सांगायला गेलं की लोक आणखी हसतात.

नागपुरात मातीवर संशोधन करणारं एक केंद्र आहे, तिथे तो कामाला आहे. पाऊस सुरू झाला की चाळलेल्या पिठाची परात झाकण घालून मैदानात न्यायची, झाकण क्षणभर काढायचं आणि लगेच घालायचं. तेवढ्यात जे थेंब पडतात त्यांच्या पिठात गोळ्या होतात. थेंब मोठा तर गोळी मोठी. गोळ्या वाळवून, भट्टीत भाजून, वेगवेगळ्या चाळण्यांतून काढून तोलायच्या. त्यावरून थेंब केवढा होता आणि तो जमिनीवर किती जोराने आदळला ते साहेब काढतात. मोठा थेंब माती फोडतो आणि फुटलेली माती वाहून जाते, म्हणून हा सगळा खटाटोप. काम चांगलंच आहे. पण पाऊस काही विचारून येत नाही, त्यामुळे मृगापासून दसऱ्यापर्यंत दादा नागपूरच्या बाहेर पाय ठेवू शकत नाही. जोडीला लहानू होता, तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. दादाची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. हंगाम अर्धवट सोडणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत. राखी बांधायला मी नागपुरातल्याच सक्करदऱ्याहून त्याच्या मैदानात जाते, आणि ओवाळताना त्याचं तोंड आभाळाकडे असतं. मला राग येतो. तबक परत घेऊन जावंसं वाटतं.

आमच्या गावच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या बसतात. बाबा गेल्यापासून पूजेला दादानेच बसायला हवं, पण तो कधी पोचलाच नाही. दरवर्षी चुलतभाऊ रुपराव येऊन बसायचा. यंदा माय, म्हणजे आमची रंभाबाई, नागपुरात धंतोलीला डोळे दाखवायला आली तेव्हा दादाकडे उतरली आणि जेवता जेवता तिने सांगून टाकलं. माझ्याच्यानं आता होत नाही. यंदा तू बसला नाहीस तर मुखवटे रुपरावच्या घरी देईन. आणि आमच्यात एकदा दिलेल्या लक्ष्म्या परत मागत नाहीत.

दादाने साहेबांना गाठलं. साहेब माणूस वाईट नाही. यंदा नुसती रिपरिप चालली होती. ते म्हणाले, एक जोरदार पाऊस पकडून द्या आणि खुशाल चार दिवस जा. लक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी तो पाऊस आला. दादाने तो पकडला. पण त्याच पावसात केंद्रातली वीज गेली, भट्टी बंद पडली, म्हणून परात वाळवायला तो प्रताप नगरच्या घरी घेऊन आला आणि फ्रिजवर ठेवली. वहिनीला, सुभद्राला, हात लावू नको म्हणून बजावलं. मायला सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायला गावी न्यायला गेले तर दादाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. इतक्या वर्षांत त्याला मी शीळ घालताना प्रथमच ऐकलं.

तो अंघोळीला गेला आणि मायची नजर परातीवर पडली. वर छताला ओल होतीच. तिला वाटलं, छत गळलं आणि पीठ भिजलं. गोळ्या झालेलं पीठ माणसाने खायचं नाही, पण अन्न उकिरड्यावरही टाकायचं नाही. तिने त्यात गूळ कालवला, गोळा केला आणि फाटकाशी आलेल्या गायीला चारला. वर नमस्कारही केला.

दादा ओल्या डोक्याने रिकाम्या परातीपुढे उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मायला नीट समजावून सांगितलं, पिशवी उचलून आत ठेवली आणि आम्हा दोघींना बस स्टँडवर सोडून दिलं. वाटभर माय खिडकीकडे तोंड करून होती.

पूजेला रुपराव बसला. दुपारी आंबील वाढायला घेतली आणि गावात असा पाऊस कोसळला की पंगतीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, इथे ऊन आहे. मागे वळून पाहते तर माय गव्हाचं पीठ चाळत बसलेली.

"वंदे, त्यो झाकण कसं काढते, मले दाखव वं," ती म्हणाली.

मी दाखवलं. परात घेऊन ती स्वतः अंगणात गेली, झाकण काढलं, घातलं आणि नखशिखांत भिजून आत आली. परात तिने चुलीपाशी ठेवली, आणि लक्ष्म्या उठेपर्यंत कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही. मग मुखवटे टोपलीत घालून रुपरावकडे पोचवले. तेव्हा ती रडली नाही, मीच रडले.

दुसऱ्या दिवशी परातीतलं पीठ डब्यात भरून, डबा मांडीवर घेऊन ती माझ्याबरोबर नागपूरला आली. दादा दारातच होता.

"घे," ती म्हणाली. "ह्या वक्ती गायीले नाही चारलं. आता तं देतीन न तुले सुटी?"

गावचा पाऊस नागपूरच्या केंद्राला चालत नाही, हे मलासुद्धा कळतं. दादाने डबा दोन्ही हातांनी घेतला.

"देतीन, माय," तो म्हणाला.

ती समाधानाने पाय धुवायला गेली. दादाने झाकण काढून पिठात बोटं फिरवली आणि एक गोळी तळहातावर घेतली. टपोऱ्या वाटाण्याएवढी होती. तो कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"वंदे, सारी उमर पाऊस पकडून राहिलो," तो हळूच म्हणाला. "एवढा मोठा थेंब नाही पाह्यला. अन् तो माह्याच अंगणात पडला."

त्याने गोळी परत पिठात ठेवली आणि डबा घट्ट लावला. बाहेर ढग आले होते. तो चपला शोधू लागला.