साडूभाऊंचे वांधे

आख्ख्या सुरतेत माझ्या थोरल्या साडूंइतका नेमानं रागावणारा माणूस झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. इतरांना राग यायला काहीतरी घडावं लागतं. आमचे साडूभाऊ सकाळी दात घासून झाले की रागवायला बसत, आणि कारणं शहर पुरवत राही. नळाला पाणी आलं नाही तर राग, आलं तर ‘इतलंसंच?’ म्हणून राग. एकदा ओळखीतला एक जण लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि कार्यालय केवढं मोठं घेतलंय हे कौतुकानं सांगू लागला. साडूभाऊ कडाडले, "हजार मानूस जेवाले जागा शे या शहरमा, दहा मानूस झोपाले नही!" पत्रिका देणारा पायरीवरच गारठला. लग्नाला मात्र ते गेले, पोटभर जेवले आणि वाढप्यांवर रागावून परत आले.

त्यातून त्यांचा आवाज. वीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, कारण त्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. साडूभाऊंची कुजबुज तीन घरं ओलांडून जाई. माझा घरमालक एकदा सहज म्हणून येऊन बसला होता. साडूभाऊ माझ्या कानाला लागून म्हणाले, "मास्तर, हाऊ भाडं वाढावाले येल शे, चहा नका पाजू." घरमालक तडक उठून गेला. तो खरोखरच भाडं वाढवायला आला होता, ही गोष्ट निराळी.

ते मूळचे अमळनेरकडचे. नवागामच्या एका गल्लीत साध्या स्टॅम्प पेपरवर त्यांनी एक खोली घेतली होती, आणि उभ्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे होती. खाली ते आणि माझी मोठी मेव्हणी, वर पत्र्याच्या माळ्यावर त्यांचे दोन लूमवाले भाचे. भाच्यांमध्ये खाट एकच. एक दिवसपाळीला निघाला की रातपाळीचा येऊन तिच्यावर पडायचा. "लूमले चारी आंगे दोन-दोन फूट जागा सोडतस," साडूभाऊ म्हणत, "मानूसले कोन सोडस?" मला हसू यायचं. नव्वदीची ती वर्षं. सुरतेबाहेर सचिन गावाकडे कारखान्यांसाठी आधी रस्ते झाले, वीज आली, पाणी आलं. विकासाचे केवढाले आराखडे झाले! लूम किती वाढणार, कापड किती निघणार, सगळं कागदावर होतं. ते लूम चालवणारे कुठे झोपणार, एवढंच कुणी लिहिलं नव्हतं. कामगार जणू विजेसारखे तारेतून येणार होते आणि पाळी सुटली की तारेतूनच परत जाणार होते.

साडूभाऊ गुजराती शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून. बोलायचे झोकात, वाचायचे बोट ठेवून. अक्षरांवर रेघ नसते याचाही त्यांना राग होता. "या भाषाना डोकावरच छप्पर नही," ते म्हणायचे, "या लोके आपले कोठून देतीन?" तर एक दिवस हेच साडूभाऊ धापा टाकत माझ्या घरी आले, आणि चक्क आनंदात होते. महापालिकेच्या कचेरीत आमच्या भागाचा नवा नकाशा लावला होता आणि शेजारी नोटीस होती, की महिन्याच्या आत ‘वांधा-सूचनो’ द्यावेत. "मास्तर, सरकारनी आपला वांधा इचारात! वीस वरीसमा पहिल्यांदा!"

मी मास्तर माणूस, शब्दावर पोट भरतो. मी त्यांना समजावलं, की भाऊ, आपल्याकडे वांधे म्हणजे हाल, अडचणी. गुजरातीत वांधो म्हणजे हरकत. नकाशात काही चुकीचं असेल तर त्याला हरकत घ्या, असं ते म्हणतायत. पण ऐकतो कोण? चार दिवस ते वही घेऊन घरोघर फिरले आणि गल्लीचे वांधे गोळा केले. पाण्याचे वांधे, गटाराचे वांधे, संडासच्या रांगेचे वांधे. एकानं घरात जागा नाही म्हणून मुलगी मिळत नाही, हा वांधा घातला. एका म्हातारीनं गुडघ्याचा घातला, आणि साडूभाऊंनी तोही उतरवून घेतला, कारण पाणी आणायला ती लांब जाते म्हणूनच गुडघा गेला होता. हे सगळं गुजरातीत लिहायला अर्थातच मी.

लिहिण्याआधी एकदा नकाशा पाहावा म्हणून मी कचेरीत गेलो. साडूभाऊंची गल्ली तिथं नव्हतीच. तिच्या जागी हिरवा रंग होता. हिरवा रंग म्हणजे बगीचा. चाळीसेक घरं, त्यातली माणसं, त्यांच्या चुली, सगळ्यावर कुणीतरी आरामात बसून हिरवा ब्रश फिरवला होता! मी परत येऊन साडूभाऊंना हात जोडले. बाकी सगळं राहू द्या, एकच ओळ लिहू या, बगीच्याला आमची हरकत आहे. ते माझ्यावरच भडकले. "म्हंजे पानीनं नही लिखो? डोकरीना गुडघानं नही लिखो? लोके काय म्हनतीन माले?" शेवटी मी बगीच्याची हरकत अर्जात सर्वांत खाली घातली, आणि सुनावणीच्या दिवशी सोबत येतो असा शब्द दिला.

त्या दिवशी मी गेलो नाही. शाळेत तपासणीला साहेब येणार होते आणि हेडमास्तरांनी रजा नाकारली. साडूभाऊ धुतलेला शर्ट घालून एकटेच गेले. अधिकाऱ्यानं पानं उलटली, सरळ शेवटच्या ओळीवर आला आणि विचारलं, "बगीचा सामे तमने शुं वांधो छे?" साडूभाऊंना वाटलं, साहेब बगीच्यामुळे होणारे हाल विचारतोय. त्यांनी आपल्या झोकदार गुजरातीत ठणकावलं, "बगीचानो शुं वांधो, साहेब? वांधो तो पाणीनो छे!" कारकुनानं लिहून घेतलं. घरी येऊन त्यांनी मेव्हणीला शिरा करायला लावला.

काही महिन्यांनी कागद आला. गल्ली साडूभाऊंच्या दारात जमली होती. "वाचा, मास्तर." मी वाचलं. अर्जदारास बगीच्याबाबत वांधो नथी. साडूभाऊंनी मला तेवढंच दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्यांना काय विचारलं गेलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. कुणी त्यांना बोललं नाही. मला म्हणाल, तर मला त्या कागदाची आजही चीड येते. जागा घ्यायची हे ठरलेलंच होतं, हरकत लिहिली असती तरी घेतलीच असती, असं शहाणे लोक सांगतात. मग आमच्याच माणसाच्या तोंडून होकार कशाला काढून घेतलात?

गल्ली पाडली. बगीचाही झाला, बाकडी आहेत, कारंजं आहे, आणि दिवसपाळी सुटायच्या आत त्याला कुलूप लागतं. साडूभाऊ दिंडोलीच्याही पुढे कुठंतरी भाड्यानं राहायला गेले. परवा आले होते. चहा मी मुद्दाम पाणचट करायला सांगितला. ते मुकाट प्यायले. मी म्हटलं, भाऊ, शहर वाढायचं तर घरं जायचीच, त्यात सरकारचं काय चुकलं? एवढं ऐकून तरी उसळतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी शिकेल मानूस. तुमी म्हनतस तेच बरोबर व्हई." जाताना पायरीवर थांबले आणि म्हणाले, "त्या सुनावणीना दिनले तुमी संगे उनात नही याना राग नही माले. शाळानं काम व्हतं तुमले."

मी मान हलवली. त्या दिवशी तपासणीला साहेब आलेच नव्हते. मी दिवसभर वर्गात नुसता बसून होतो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.