मेमरीच्या पट्टीला कुंकू

आमचा कॉम्प्युटर बिघडला तो मी त्याची पूजा केली म्हणून. एवढं एक वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली.

तेव्हा राज्याचे दोन तुकडे होत होते आणि सरकारी नोकरांचीही वाटणी चालली होती. थाटीपूरच्या सरकारी वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आई, मी, बायको, धाकटा भाऊ शरद आणि त्याची नवी नवरी. शरदचं नाव रायपूरच्या, म्हणजे दूरच्या नव्या राज्याच्या, यादीत निघालं! आईनं जेवण सोडलं. ‘आई आजारी असते, इथेच ठेवा’ असा अर्ज आठवड्याभरात द्यायचा होता.

“हातानंच लिहितो, दादा,” शरद म्हणाला.

“वेडा आहेस? टाइप केलेल्या अर्जाचा रुबाब वेगळा!” (रुबाब मला हवा होता. जुना कॉम्प्युटर हौसेनं घेतला होता, पण त्याला कामच नव्हतं.)

मध्येच दसरा आला. आमचे पूर्वज शिपाईगडी, तलवार पुजणारे. तलवार कधीच गेली. मी कॉम्प्युटरची पेटी उघडली. सगळं लक्षात ठेवते ती मेमरीची पट्टी, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ती उपसली, ओल्या कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, ‘शरदचं भलं कर’ म्हटलं आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. घरात तेव्हा कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा! पहिलं पान सुरळीत, दुसऱ्यावर पडदा निळा. थोपटलं की चालू, हात काढला की बंद.

“दादा, ये फिर अटक गया!” शरद ओरडला.

“तू पत्ते खेळतोस ना त्याच्यावर!”

“अहो, लिहू द्या की त्याला हातानं,” बायको म्हणाली.

“आता? चार दिवस घालवल्यावर?”

मी वायरी बदलल्या, विंडोज तीनदा भरली, पेटीवर टेबलफॅन लावला. शेवटच्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं पट्टी काढली आणि खाचेतून चिमट्यानं एक लाल दाणा वर धरला.

“अंकल, चावल किसने डाला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरातला कर्ता पुरुष मी! छाती काढून म्हणालो, “शरद इथेच ताट घेऊन बसतो!”

“दादाच्या वस्तूची जरा म्हणून कदर नाही तुला!” आई त्याच्यावर कडाडली. शरदनं तो दाणा उचलून निरखला. अर्ज छापून होईपर्यंत कचेरीला कुलूप लागलं होतं. तो रायपूरला गेला. दोन महिन्यांत आईही त्याच्याकडे गेली.

परवा धीर करून फोन केला आणि सगळं कबूल केलं. शरद हसायलाच लागला.

“दादा, भाताला कुंकू लावून कोण जेवतं हो? मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“रायपूरला तीन खोल्यांचं क्वार्टर मिळत होतं. शिवाय तिथे तुमचा कॉम्प्युटर नव्हता!”

बावीस वर्षं ज्या पापानं माझी झोप उडवली, ते पाप म्हणजे माझ्या हातून फळाला आलेली एकमेव पूजा निघाली!