बोट पाणी पितेय

तांती ओर्मेलियाला कुणी "कशी आहेस" विचारलं तर ती म्हणते, "दिसतेय ना? मग आहे." तांती म्हणजे मावशी, आणि कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला, आमच्या खाडीत, ती सगळ्यांचीच मावशी आहे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा तिला तांतीच म्हणतात आणि तिच्यासमोर विडी लपवतात.

नऊ वर्षांची असताना बापाने तिला फळीचं एक टोक धरायला उभं केलं. धाकटा भाऊ कॉस्मोर तापाने फणफणला होता, म्हणून एका दिवसापुरतंच. ते टोक तिने आज बावन्न वर्षं सोडलेलं नाही. बाप बोट बांधायचा ती नजरेने, कागद नाही, आकडे नाहीत. एक डोळा मिटायचा, "हं" म्हणायचा आणि फळी बरोबर बसायची. तांतीचं "हं" अगदी तसंच येतं. नाकातून, थोडं रागावल्यासारखं.

कॉस्मोर मोठा होऊन बापाच्या जागी आला, आणि एक चोवीस फुटी शिडाची बोट वाळूवर अर्धी सोडून वारला. नुसता कणा आणि बरगड्या. गावातल्या बाप्यांनी मग ठरवलं की बाईमाणूस फळी धरू शकतं, बोटीच्या आकाराची रेष धरू शकत नाही. तांतीने ती बोट पुढे बांधायला घेतली. वाकड्या फांद्या शोधायला ती डोंगरात जायची, चंद्र उतरायला लागला की तोडायची, कारण चढत्या चंद्राचं लाकूड किडतं. चार वर्षांत बोटीला पाठ, पोट, सगळं आलं. टेकूंवर उभी राहून ती समुद्राकडे बघत असायची, जशी लग्नाची मुलगी दाराकडे बघते.

आता डेनिंगसाहेब. हे अकरा वर्षांपूर्वी एका चिंधी शिडाखाली आले तेव्हा त्यांच्याकडे एक शर्ट होता, आणि तो वाळत असताना ते पाण्यात बसून राहायचे. तांतीनेच त्यांना मक्याच्या पिठाचा कुकू आणि शंखाचा रस्सा खाऊ घातला. आता त्यांची खाडीवर तीन भाड्याची घरं आहेत, पाहुण्यांना बेटाबेटांवर फिरवणाऱ्या दोन दुहेरी पोटाच्या बोटी आहेत, स्वतःचा लाकडी धक्का आहे आणि निम्म्या गावाच्या अंगात त्यांचं नाव छापलेला निळा सदरा आहे. बोलण्याची पद्धत अशी: आधी मान तिरकी, मग दात, मग "माझी लाडकी ओर्मेलिया", मग एक लांब श्वास. श्वास संपला की समजायचं, काहीतरी जाणार.

गंमत म्हणजे त्यांच्या रंगीत पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तांतीच होती. लाकूड तासायला वाकस हातात, मागे बोट, खाली लिहिलेलं, "खरंखुरं बेटजीवन". पाहुणे ते बघून यायचे आणि आल्यावर तक्रार करायचे की खरंखुरं बेटजीवन सकाळी सातला ठोकाठोक करतं.

हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे असताना अल्बन कागद घेऊन आला. अल्बन तांतीचा चुलतभाऊ, डेनिंगसाहेबांच्या मोठ्या बोटीचा कप्तान. कागद त्याने असा धरला होता जसा मेलेला उंदीर धरतात.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत किनारा मोकळा करायचाय, तांती. साहेबांनी सरकारकडून भाड्याने घेतलाय."

"तू काय झालास, टपालवाला?"

"माझ्यावर कशाला चिडतेस? मला पोरंबाळं आहेत."

"मी चिडले नाही. मी विचारलं."

अल्बन गेला तो पाठमोरा बराच वेळ खाकरत गेला.

मग साहेब स्वतः आले. मान तिरकी, दात, सगळं. त्यांनी दोन वाटा काढल्या होत्या. एक, बोट यंत्राने उचलून गावामागच्या माळावर ठेवायची, खर्च त्यांचा. हे ऐकून तांती हसली. बांधलेल्या बोटीला जमिनीवरून ओढत डोंगर चढवा म्हणजे वर पोचेल तो सरपणाचा भारा. दुसरी वाट सांगताना साहेबांचा आवाज मधात बुडाला. ते बोट विकत घेणार. मधोमध कापणार. पुढचा अर्धा भाग धक्क्याजवळ उभा करणार, आत फळ्या मारणार, फळ्यांवर बाटल्या. पाहुणे तिथे उभे राहून रम पितील आणि प्रत्येकाला ओर्मेलियाची गोष्ट सांगितली जाईल. तिचं नावसुद्धा लिहू, म्हणाले, सोनेरी अक्षरात.

तांती वाकस पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "तुमची आई आहे का हो?"

साहेब म्हणाले, आहे, देवाच्या दयेने, शहाऐंशीची.

"तिला मधोमध कापून कपाट केलं तर किती बाटल्या मावतील?"

साहेबांचे दात झाकले गेले. ते म्हणाले की आपण सगळे एक कुटुंब आहोत, पण कायदा तो कायदा. तांतीने कागद मागितला. तिचा चष्मा तुटलेला, म्हणून साहेबांनीच वाचून दाखवला, ओळीवर बोट ठेवून, लहान मुलाला शिकवतात तसा. ह्या नारळापासून त्या खडकापर्यंत, घरांच्या कुंपणापासून भरतीच्या रेषेपर्यंत.

"रेषेपर्यंत," तांती म्हणाली.

"रेषेपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे समुद्र आहे, माझी लाडकी."

"हं," तांती म्हणाली. ते नाकातलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बोट पाण्यात उतरवायचं तिने ठरवलं. गाव म्हणालं, वेडी झाली. चार वर्षं उन्हात उभी राहून फळ्या इतक्या आकसल्या होत्या की सांध्यांतून पलीकडचा माणूस ओळखता यायचा. डोलकाठी नाही, वरची पाटण म्हणजे डेक नाही. पण मेंढा कापला गेला, मोठं पातेलं चढलं, आणि गेलेल्यांच्या नावाने एक ताट घरात वेगळं वाढून ठेवलं, कॉस्मोरच्या आवडीचा खारा मासा वर. मग प्रश्न आला माणसांचा. आमच्याकडे बोट टेकू तोडून आडवी करतात, ओंडक्यांवर घेतात आणि सगळं गाव दोर ओढतं. चाळीस हात तरी हवेत. गावाचे हात निळ्या सदऱ्यात होते.

नऊ वाजता किनाऱ्यावर अकरा म्हातारे आणि एक ढोल. तांतीने चारी बाजूंना रम शिंपडली, पाणी शिंपडलं, आणि कुऱ्हाड घेऊन पहिला टेकू स्वतः तोडला. दुसरा तोडला. तिसऱ्याला भाड्याच्या घरांतल्या चादरी धुणाऱ्या बायका आल्या, तशाच ओल्या हातांनी. त्यांच्यामागे दोन गोरे पाहुणे आले, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीतले, त्यांना वाटलं हा कार्यक्रम भाड्यात धरलेला आहे. आणि शेवटी अल्बन आला. सदरा निळाच होता, पण उलटा घातलेला, शिवण बाहेर.

तांतीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घाईत कपडे केलेस वाटतं."

"गप, आणि दोर दे."

शेवटचा टेकू पडला. बोट कुशीवर आली, अगदी हळू, म्हातारं माणूस खाटेवर टेकतं तशी. ढोल सुरू झाला, दोर ताणला, आणि ती वाळूवरून निघाली. पाण्याला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लागली तेव्हा तांतीने नावाच्या पाटीवरचं फडकं ओढलं. आत लिहिलं होतं, "कोण म्हणतं नाही".

बोट तरंगली. म्हणजे, ढोलाचे वीसेक ठोके तरंगली. मग प्रत्येक सांध्यातून पाणी आत आलं आणि ती बसायला लागली. तांतीने कंबरभर पाण्यात उभं राहून तिला ढकलत ढकलत धक्क्याच्या तोंडापाशी नेलं, आत दगड टाकायला लावले, चार दोर बांधले. बोट तळाला टेकली. वर फक्त काठ राहिला.

साहेब वरून बघत होते. खाली आले ते चेहरा पाडून, पण चाल नाचरी. म्हणाले, त्यांना फार वाईट वाटतंय, इतकी वर्षं, इतकी मेहनत, आणि शेवटी बुडाली.

"बुडाली कुठे?" तांती म्हणाली. "पाणी पितेय. चार वर्षांची तहान आहे."

"किती वेळ?"

"तिला विचारा."

तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा धक्क्याकडे बघितलं, मग बोटीकडे, मग पुन्हा धक्क्याकडे. उद्या आठ पाहुणे घेऊन मोठी बोट यायची होती आणि तिच्या वाटेत बरोबर मधोमध ही तहान भागवत बसली होती. ते म्हणाले, हे इथे चालणार नाही. तांती म्हणाली की मीही तेच वाचून घेतलंय, रेषेपर्यंत तुमचं.

शुक्रवारी आठ पाहुणे छातीभर पाण्यातून बॅगा डोक्यावर घेऊन आले. शनिवारी साहेबांनी बंदरावरच्या अधिकाऱ्याला आणलं. अधिकारी जवळच्याच गावचा, त्याच्या आजोबांची बोट आमच्याच वाळूवर बांधलेली. त्याने बूट काढले, विजार वर केली, पाण्यात हात घालून एक सांधा चाचपला. साहेबांना म्हणाला, बुडालेल्या बोटीला नोटीस लावता येते. ही भिजत घातलीय. चण्याला नोटीस कशी लावणार?

रविवार तसाच गेला. साहेबांनी तांतीला "माझी लाडकी" म्हणणं सोडलं. मिस ओर्मेलिया म्हणायला लागले, आणि तिने त्याबद्दल डोकं किंचित हलवलं.

सोमवारी सकाळी दगड काढले, बादल्या घेतल्या. उपसता उपसता दुपार झाली. आता खरं काय ते दिसणार होतं. फळ्या फुगल्या असतील तर बाप्यांचं बोलणं संपलं, नसतील तर साहेबांचा कागद, यंत्र आणि बाटल्या. काठ वर आला. पोट वर आलं. तांती आत चढली, गुडघ्यांवर बसली, आणि कण्याजवळ हाताचा पंजा दाबून धरला. बराच वेळ. मग तो पंजा तिने वर करून सगळ्यांना दाखवला. कोरडा.

अल्बन पाहुण्यांना फिरवून आला होता आणि मोठ्या बोटीवरून, लांब नांगर टाकून बघत होता. साहेब धक्क्याच्या टोकाला. तांतीने आपल्या बोटीचे दोर आवळून तिला कडेला घेतलं, तशी मध्ये एक वाट राहिली, अरुंद.

साहेबांनी विचारलं, ही आता इथून कधी जाणार.

"डोलकाठी बसल्यावर. लाकूड अजून डोंगरात उभं आहे." मग ती अल्बनला म्हणाली, "ये की आत. का त्या बोटीसाठी सगळी खाडी लागते?"

"दोन्हीकडे हातभर पण नाही, तांती."

"आपल्या बापजाद्यांना तेवढंसुद्धा लागायचं नाही."

साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला. अल्बनने यंत्र मंदावलं आणि ती पांढरी थोराड बोट, आठ पाहुण्यांसकट, आत घातली. एका बाजूला धक्का, दुसऱ्या बाजूला "कोण म्हणतं नाही". तांती काठावर बसून पाव खात होती. पांढरं पोट अगदी जवळ आलं तेव्हा तिने उठायचीही तसदी घेतली नाही, फक्त एक पाय उचलला आणि टाचेने त्याला जरासं पलीकडे लोटलं.